मेशपांडे

पुण्याच्या आसपास गाड्या, पंप, कॉम्प्रेसर किंवा बॅटऱ्या बनवणाऱ्या बहुतेक कंपन्यांत वरच्या मजल्यावर एक अंधारी खोली असते. एसी तिथे सगळ्यात गार, पडदे भरदुपारी ओढलेले, आणि दोन-दोन स्क्रीनसमोर स्वेटर घालून बसलेली माणसं. त्यातल्या एकाला साधा प्रश्न विचारून बघा: "हे गरम होईल का रे?" दुसरा कुणी हो म्हणेल, नाही म्हणेल, किंवा 'बघावं लागेल' म्हणून चहाला सटकेल. हा खुर्ची अर्धी वळवतो, चष्मा कपाळावर चढवतो आणि उलट विचारतो, "बाउंड्री कंडिशन काय?"

तो मेशपांडे. मूळ आडनाव कुलकर्णी असो, शेख असो, वाघमारे असो नाहीतर अय्यर. मेश करायला बसला की मनुष्य वर्षाच्या आत मेशपांडे होतो. आम्ही टेस्टिंगवाले खालच्या मजल्यावर, पत्र्याखाली. आमच्याकडे तापमान मोजणारी थर्मोकपल, पिवळी कॅप्टॉन टेप, डेटा लॉगर आणि भाजलेली बोटं. वस्तू किती तापते, हे आम्ही वस्तू तापवून सांगतो. मेशपांडे ती बनायच्या आधीच सांगतो. एवढ्या एका कारणावरून दोन मजल्यांत जुनं वैर आहे, आणि इथे मी जे लिहितोय ते वैऱ्याच्या नजरेनं लिहितोय, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं.

त्याच्या विद्येला सीएफडी, म्हणजे कॉम्प्युटेशनल फ्लुइड डायनॅमिक्स, म्हणतात. हवा, पाणी, तेल, जे काही वाहत असेल ते कसं वाहेल आणि वाहता वाहता उष्णता कुठून उचलून कुठे टाकेल, याचं गणित संगणकाकडून करून घ्यायचं. गणिताच्या कडांवर काय परिस्थिती धरायची, ती बाउंड्री कंडिशन. समीकरणं जुनी आहेत. फ्रान्सच्या नाविएनं ती 1822 साली मांडली, स्टोक्सनं 1845 मध्ये नीट बसवली. त्यांना तीन मितींत कायम सुरळीत उत्तर असतंच का, एवढं सिद्ध करणाऱ्याला किंवा खोडून काढणाऱ्याला अमेरिकेतल्या क्ले इन्स्टिट्यूटनं 2000 साली दहा लाख डॉलर लावले. ते अजून तसेच पडून आहेत. मेशपांडेला मात्र दर सोमवारी सकाळी उत्तर द्यावं लागतं. "उत्तर असतं की नाही ते गणितज्ञांना ठाऊक नाही, पण आपल्या मॅनेजरला ते स्लाइडवर पाहिजे," असं तो अगदी निर्विकारपणे सांगतो.

कामाचा पहिला आठवडा पुसण्यात जातो. डिझायनरकडून आलेल्या मॉडेलमध्ये प्रत्येक बोल्टला आटे असतात, पार्ट नंबर असतो, झाकणावर उठावाचा लोगो असतो. मेशपांडे आटे काढतो, बारीक भोकं बुजवतो, आणि डिझायनरनं जीव ओतून कोरलेला लोगो दोन क्लिकमध्ये उडवतो. "अरे, तो कशाला?" म्हणून डिझायनर कळवळला, तर उत्तर तयार असतं: "हवेला वाचता येत नाही."

मग मेश, म्हणजे जाळी. उरलेल्या सगळ्या जागेचे कप्पे पाडायचे आणि प्रत्येक कप्प्याला एक दाब, एक तापमान आणि तीन दिशांचे तीन वेग द्यायचे. एका बॅटरी पॅकला तीन कोटी कप्पे म्हणजे काही फार नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्र 11 कोटी 24 लाखांचा होता. म्हणजे पाव महाराष्ट्राएवढे रहिवासी, आणि प्रत्येकाचं बोलणं फक्त शेजाऱ्याशी. या शेजाऱ्याकडून जेवढं आलं तेवढं त्या शेजाऱ्याला गेलं पाहिजे, मधल्या मध्ये कुणी खाता कामा नये. हा नियम उरलेल्या महाराष्ट्राला लावणं अवघड. मेशपांडेच्या जाळीत तो कितव्या दशांश स्थळापर्यंत पाळला गेला, याचा आलेख निघतो. कधी एखादा कप्पा असा पिळवटतो की त्याचं आकारमान शून्याहून कमी भरतं. शून्याहून लहान खोली कशी असेल, असा प्रश्न आपल्याला पडेल. पुण्यात भाड्याचा फ्लॅट शोधलेल्या मेशपांडेला पडत नाही.

कप्पे सगळीकडे सारखे नसतात. मधोमध ऐसपैस, भिंतीपाशी कागदाहून पातळ. कारण 1904 साली प्रांटल नावाच्या जर्मन प्राध्यापकानं दाखवून दिलं की वाहतं द्रव्य भिंतीला टेकतं तिथे थबकतं, आणि थबकलेल्या व धावणाऱ्या द्रव्याच्या मधल्या पातळ थरातच खरी घडामोड होते. भिंतीतली उष्णता बाहेर पडते ती याच थरातून. थर पातळ तर वस्तू गार, जाड झाला तर तापलीच म्हणून समजा. त्यामुळे नवखा माणूस खोलीच्या मधोमध काय चाललंय ते बघतो आणि मेशपांडे भिंत बघतो. भिंतीपासून पहिला कप्पा किती दूर आहे हे सांगायला त्यांच्यात वाय-प्लस नावाचा आकडा आहे. तो एकच्या आसपास ठेवा, नाहीतर तिसाच्या पुढे न्या; पाच आणि तीसच्या मध्ये सापडलात तर धड ना इकडचे ना तिकडचे. दोन अनोळखी मेशपांडे लग्नाच्या पंगतीत शेजारी बसले तर गाव-कॉलेज न विचारता वाय-प्लसवर येतात आणि जिलबी तशीच राहते.

दसऱ्याला आम्ही टेस्ट रिगला झेंडूचा हार घालतो. मेशपांडे ड्रॉवरमधून प्लॅस्टिकचं कव्हर घातलेलं एक लहानसं पुस्तक काढतो आणि त्याच्यावर आपट्याचं पान ठेवतो. 'न्यूमेरिकल हीट ट्रान्सफर अँड फ्लुइड फ्लो', 1980. लेखक सुहास पाटणकर. "आपल्या पुण्याचे. सीओईपी, 1962," हे तो अशा आवाजात सांगतो की जणू स्वतः त्यांना बाकावर बसताना पाहिलंय. पाटणकर पुढे मुंबईच्या आयआयटीत गेले, तिथून लंडनला इम्पीरियल कॉलेजात ब्रायन स्पाल्डिंग यांच्याकडे पीएचडी, आणि मग मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक. 1972 साली पाटणकर आणि स्पाल्डिंग यांनी जी रीत छापली तिचं नाव 'सिंपल'. जगातली बरीचशी सीएफडी सॉफ्टवेअरं आजही ती किंवा तिची लेकरं वापरतात.

रीत अशी: दाब माहीत नाही, वेग माहीत नाही, आणि एकाशिवाय दुसरा निघत नाही. मग आधी दाबाचा एक अंदाज ठोकायचा. त्यावरून वेग काढायचे. मग बघायचं, जेवढं आत शिरलं तेवढं बाहेर आलं का. नसेल आलं तर दाब सुधारायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. महिनाअखेरीला घरखर्चाचा हिशेब जुळवणाऱ्याची हीच पद्धत असते, फक्त तो तिसऱ्या फेरीला 'किरकोळ' असं लिहून मोकळा होतो. संगणकाला 'किरकोळ' लिहायची मुभा नाही.

यात एक मेख आहे. जेवढी सुधारणा निघाली तेवढी सगळी एकदम लागू केली तर गणित बिथरतं. म्हणून दाबाच्या सुधारणेचा तीन दशांश भागच घ्यायचा, बाकी पुढच्या फेरीला. याला अंडर-रिलॅक्सेशन म्हणतात, आणि मेशपांडेच्या संसाराचा पाया हाच आहे. बायको म्हणाली, "तू माझ्या आईशी नीट बोलत नाहीस, मुलाचा अभ्यास घेत नाहीस आणि गॅलरीतला पसारा काढत नाहीस," की तो सगळं मनापासून मान्य करतो आणि तीन दशांश अमलात आणतो. म्हणजे गॅलरीतला एक खोका जिन्यात येतो. "एकदम सगळं सुधारलं तर सोल्यूशन डायव्हर्ज होतं गं." लग्नाला बरीच वर्षं झाली. सोल्यूशन अजून चाललेलं आहे, त्या अर्थी आकडा बरोबर असावा.

घरी त्याची एकूण वागणूक अशीच. त्याच्या लेखी जगात दोनच प्रकार: स्टेडी, म्हणजे वेळेनुसार न बदलणारं; आणि ट्रान्झिएंट, म्हणजे घडीघडीला बदलणारं. स्टेडीचं गणित स्वस्तात होतं, म्हणून आधी सगळं स्टेडी धरायचं. पगार, रहदारी, सासूबाईंचा स्वभाव. सासूबाई मे महिन्यात आल्या आणि बाजारात जाताना रिकाम्या खोलीतला पंखा चालू ठेवून निघाल्या, 'आल्यावर खोली गार असावी' म्हणून. मेशपांडेनं दारातच त्यांना थांबवलं. पंखा खोली गार करत नाही, अंगाजवळचा हवेचा थर उडवून माणसाला गार करतो. माणूसच नसेल तर मोटरचे सत्तर-पंचाहत्तर वॅट तेवढे खोलीत साठतात, वगैरे. गणितात खोट नव्हती. सासूबाईंनी पिशवी खाली ठेवून ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि नुसता बसलेला माणूस किती सोडतो?" हा खुशीत येऊन म्हणाला, "साधारण शंभर वॅट." "म्हणजे पंख्यापेक्षा तुम्हीच खोली जास्त तापवता की, जावईबापू." पंखा चालू राहिला.

सत्यनारायणाला त्याला समोर बसवू नये. गुरुजी तिसऱ्या अध्यायात असतात आणि हा उदबत्तीकडे टक लावून असतो. धूर वीतभर सरळ वर जातो आणि मग अचानक लटपटतो, वेटोळी घेतो, फुटतो. ऑसबर्न रेनॉल्ड्सनं 1883 मध्ये मँचेस्टरला काचेच्या नळीतून पाणी सोडून त्यात रंगाची रेघ सोडली होती. वेग कमी असेतो रेघ सरळ, पुढे एका टप्प्यावर सगळं पाणी रंगीत. शांत प्रवाह कधी बिथरतो हे सांगणाऱ्या आकड्याला तेव्हापासून त्याचं नाव आहे. हे सगळं पोटात असलेला माणूस हात जोडून किती वेळ बसेल? तो हळूच उठतो आणि पंखा बंद करतो, धुराला अडथळा नको म्हणून. गुरुजींच्या कपाळावरून घाम ओघळतो. "यजमान, पंखा," ते अध्याय न सोडता म्हणतात. "दोन मिनिटं, गुरुजी," यजमान म्हणतात. कलावतीच्या नवऱ्याची नाव त्या दिवशी घामातच बुडते आणि घामातच वर येते.

पण खरा मेशपांडे बघायचा तर रन लावल्यावर, म्हणजे संगणकाला गणिताला बसवल्यावर. शुक्रवारी संध्याकाळी सॉफ्टवेअरचं लायसन्स मोकळं होतं, कारण बाकीच्यांचे रन एकतर संपलेले असतात किंवा मेलेले. हा बटण दाबतो आणि स्क्रीनवर चार-सहा रेघा उतरायला लागतात. त्या रेसिड्युअलच्या रेघा, म्हणजे समीकरणांत अजून किती तफावत राहिलीय त्याचा आलेख. रेघा खाली गेल्या की मेशपांडेचं रक्ताभिसरण सुरळीत चालतं. घरी गेल्यावरही तो मोबाइलवरून लॉग बघतो, जेवताना, सिग्नलला, मुलाच्या गॅदरिंगमध्ये. मध्यरात्री एखादी रेघ नाक वर करते. मग ओळी येऊ लागतात: इतक्या कप्प्यांत तापमान 5000 केल्विनवर अडवलं. सूर्याचा पृष्ठभाग साधारण 5800 केल्विनचा. म्हणजे चाकणमध्ये जोडल्या जाणाऱ्या एका बॅटरीच्या कोपऱ्यात जवळजवळ सूर्य उगवलेला असतो, आणि सॉफ्टवेअर त्याला केवळ सभ्यपणे पाच हजारावर धरून ठेवतं. आपण असतो तर किंचाळलो असतो. मेशपांडे कूस बदलून म्हणतो, "त्या कोपऱ्यात मेश खराब आहे."

त्याचा एक आवडता पूर्वज आहे, तो मला फार आवडतो, म्हणून इथे जरा थांबतो. लुईस फ्राय रिचर्डसन. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिकांची अँब्युलन्स चालवणारा इंग्रज. फावल्या वेळात हा मनुष्य कागदावर युरोपच्या नकाशाचे चौकोन पाडून हवामानाचं गणित हातानं करत होता. एका जुन्या दिवसाची निरीक्षणं घेतली आणि पुढच्या सहा तासांत काय होईल ते काढलं. उत्तर आलं: हवेचा दाब 145 मिलिबारनं बदलेल. प्रत्यक्षात त्या दिवशी बॅरोमीटर जवळपास हललाच नव्हता. एवढा दाब सहा तासांत बदलला असता तर निरीक्षण लिहायला कुणी उरलं नसतं. रिचर्डसननं काय करावं? 1922 साली पुस्तक काढलं आणि हे उत्तर त्यात सविस्तर छापलं. वर त्याच पुस्तकात एका भव्य गोल सभागृहाचं स्वप्न रंगवलं, जिथे 64,000 माणसं मांडीवर आकडे घेऊन साऱ्या जगाचं हवामान मोजत बसली आहेत. पुढे संशोधकांनी ते गणित संगणकावर पुन्हा केलं तेव्हा कळलं की समीकरणं ठीक होती. सुरुवातीला भरलेली निरीक्षणंच आपसात जुळत नव्हती. ती आधी सारखी करून घेतली की दाब शहाण्यासारखा वागतो.

ही गोष्ट सांगून झाली की मेशपांडे टेबलावर बोट आपटतो. "समीकरण खोटं बोलत नाही. आपण आत काय भरतो ते खोटं बोलतं." मग माझ्याकडे बघून, "आणि भरायचे आकडे येतात खालच्या मजल्यावरून."

आमच्याकडेही उत्तर आहे. प्रवाह एकदा बिथरला की त्यातला प्रत्येक भोवरा मोजणं परवडत नाही, म्हणून हे लोक टर्ब्युलन्स मॉडेल वापरतात. सगळ्यात खपाचं के-एप्सिलॉन. त्यातले आकडे लाउंडर आणि स्पाल्डिंग यांनी 1974 मध्ये छापले ते आजतागायत चालतात. 0.09, 1.44, 1.92. मी एकदा विचारलं, "हे कुठल्या समीकरणातून आले?" मेशपांडेचा आवाज खाली आला. "प्रयोगांवरून जुळवलेत." म्हणजे टेस्टिंगवरून! त्या दिवशी खालच्या मजल्यावर वडापाव वाटला गेला.

मात्र या सगळ्यातलं काहीच मीटिंगमध्ये येत नाही. मीटिंगमध्ये येतात ते रंग. सीएफडी म्हणजे 'कलर्स फॉर डायरेक्टर्स' हा या धंद्यातला जुना विनोद, आणि विनोद म्हणायचं तरी कशाला. मेशपांडे स्लाइड लावतो. बॅटरीचा एक कोपरा लालभडक. खोलीत कुजबुज.

"हे लाल का आहे?" मोठे साहेब विचारतात.

"सर, तिथे 41.6 आहे. बाकी ठिकाणी 40."

"ते ठीक आहे. पण लाल का?"

"सर, स्केल चाळीस ते बेचाळीसची आहे म्हणून..."

"लाल चालणार नाही. कस्टमरला काय दाखवायचं?"

मेशपांडे माउस हलवतो. स्केल वीस ते शंभर करतो. अख्खी बॅटरी हिरवीगार होते, पॅकमध्ये कुठेही कणभर बदल न होता. साहेब पाठ टेकतात. "हां! आता कसं? काय बदललंस?" मेशपांडे खरं ते सांगतो, "स्केल." साहेब वहीत लिहून घेतात: 'स्केल इम्प्रूव्ह्ड.' पुढच्या महिन्यात हेच शब्द त्याच्या अप्रेझलमध्ये येतात.

याच मीटिंगमध्ये त्याचा एक गुण दिसतो, जो दाखवायची कुणी संधी देत नाही. शेवटच्या स्लाइडवर तो बारीक अक्षरात लिहितो: अमुक गृहीत धरलंय, तमुक सोडून दिलंय, उत्तर चार-पाच अंशांनी इकडेतिकडे होऊ शकतं. ही स्लाइड येईपर्यंत समोसे आलेले असतात. असं म्हणतात की टेस्टवर सगळ्यांचा विश्वास असतो, फक्त टेस्ट करणाऱ्याचा नसतो. आणि सिम्युलेशनवर कुणाचाच नसतो, फक्त करणाऱ्याचा असतो. दुसरा भाग मला पटत नाही. चांगला मेशपांडे आपल्या चित्राकडे जितक्या संशयानं बघतो तितक्या संशयानं आम्हीसुद्धा बघत नाही. स्वतःच्या चित्रावर लट्टू असलेलेही असतात; त्यांची चित्रं जास्त सुंदर असतात, कारण ते फर्स्ट ऑर्डर स्कीम लावतात. त्या स्कीममध्ये गणित कुरकुर करत नाही, रेघा पटापट उतरतात, आणि तापमानाचे सगळे उंचवटे गुळगुळीत होऊन जातात. गरम जागा असते, चित्रात दिसत नाही. अशा माणसांना लवकर प्रमोशन मिळतं.

मागच्या उन्हाळ्यात आमच्यात मोठी जुंपली. फास्ट चार्जिंगची टेस्ट चालू होती. मेशपांडेचा आकडा 43, आमच्या थर्मोकपलवर एका सेलला 52. लिथियमच्या सेलला आपल्यासारखीच पंधरा ते पस्तीस अंशांची हवा मानवते. पन्नाशीच्या पुढे आयुष्य झरझर घटतं. म्हणजे नऊ अंश ही काही सोडून द्यायची गोष्ट नव्हती. तो जिना उतरून आला, तोंडानं पुटपुटत.

"तुझं थर्मोकपल सुटलंय."

"सुटलं असतं तर कमी दाखवलं असतं. जास्त नाही."

"मग करंट जास्त दिलास."

"लॉग बघ."

त्यानं लॉग बघितला. करंट बरोबर होता. "मग बाउंड्री कंडिशन..." असं म्हणून तो गप्प झाला, कारण बाउंड्री आता त्याच्या पुढ्यातच पडली होती. आम्ही पॅक उघडला.

सेल आणि खालची थंड पाण्याची प्लेट यांच्यामध्ये मऊ गॅप पॅड असतो, उष्णता जायला. त्याला दोन्ही बाजूंनी फिल्म असते, एक निळी, एक पारदर्शक; लावण्याआधी दोन्ही सोलायच्या. निळी सोललेली होती. पारदर्शक तशीच होती, आणि तिच्याखाली सुरकुत्यांत हवा अडकून बसलेली. मेशपांडे ते बघून आनंदानं ओरडला. लाइनवरची माणसं धावत आली; त्यांना वाटलं, शॉक बसला.

त्यानं तिथेच पुठ्ठ्यावर गणित मांडलं. हवा उष्णतेची महाकंजूष वाहक. एक दशांश मिलिमीटरचा हवेचा थर उष्णतेला जितका अडवतो, तितकं अडवायला अॅल्युमिनियमचा ठोकळा जवळपास पाऊण मीटर जाड लागेल. "पाऊण मीटर!" तो क्वालिटीच्या साहेबांना हात पसरून दाखवत होता. क्वालिटीच्या साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर त्या आठवड्यात जोडलेले सगळे पॅक होते. मेशपांडेच्या डोळ्यांसमोर एकच आकडा होता. तो वर पळाला, मॉडेलमध्ये फिल्म टाकली, हवा टाकली, रात्रभर रन लावला आणि सकाळी चपला न बदलता खाली आला.

"51.3! तुझे 52! जुळलं!"

"अरे, पण पॅकचं काय?" मी विचारलं.

"पॅक चुकीचा आहे. मॉडेल बरोबर आहे."

क्वालिटीनं रीतसर चौकशी लावली, फॉर्म भरले, फिल्मला मोठी लाल शेपटी लावायचं ठरलं. मेशपांडेला त्यात रस नव्हता. तो लाइनवर पॅड लावणाऱ्या ताईंकडे गेला. त्या बिचाऱ्या आधीच धास्तावलेल्या. वरच्या मजल्यावरचा साहेब वही घेऊन आलाय म्हटल्यावर हातातलं काम ठेवून उभ्या राहिल्या.

"ताई, घाबरू नका. मला फक्त आकडा पाहिजे. फिल्म काढायची साधारण कितीदा राहते?"

ताईंनी इकडेतिकडे बघितलं. "सकाळी नाही राहत, साहेब. जेवून आल्यावर राहते कधीकधी. डोळ्यावर येतं."

"आणि नंतर?"

"चार वाजता चहा झाला की पुन्हा नीट होतं."

मेशपांडेनं एक आलेख काढला, आडव्या रेघेवर शिफ्टचे तास. दुपारी साडेबाराला रेघ वर, चारला खाली. बराच वेळ तो त्याच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला,

"तरीच! मी ताईंना स्टेडी-स्टेट धरलं होतं."